घोट्याचं बीपी

नीलव्वा आजी टोपली घेऊन निघाल्या की दर पाच-सहा घरांपाशी थांबायच्याच. कुणाच्या सुनेला माहेरची खबर विचार, कुणाच्या वाळवणाला नावं ठेव. "मानूस दिसलं की बोलावं की. न बोलता म्हशी जात्यात," असं वर आम्हालाच ऐकवायच्या. सत्तरी उलटली तरी कडक भाकरी स्वतः थापून सोलापूरच्या आमच्या गल्लीत विकायच्या. तिथल्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून नवीनच होते. मलाही वाटलं, बाई भलतीच बोलकी.

एकदा त्या कुलूप लावलेल्या घरापुढे चौकट धरून उभ्या दिसल्या.

"आजी, इथं कुणी नाही."

"असू दे की. येत्याल."

कपाळावर घाम होता. खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "पोटरीत गोळा येतोय, सिस्टरबाई. हुबं राहिलं की जातोय. पाय दुखतोय म्हनलं तर पोरं माजं भाकरी इकनं बंद करत्याल, म्हून बोलत हुबं राहायचं."

पायाकडे रक्त कमी जात असेल, अशी मला शंका आली. त्याच आठवड्यात साठीपुढच्या बायकांसाठी आमचं तपासणी शिबिर होतं. दंडाला आणि घोट्याला, दोन्हीकडे पट्टा बांधून बीपी मोजायचं. घोट्याचं दंडापेक्षा फार कमी आलं, तर पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यात असं समजायचं. आजींना मी हाताला धरून नेलं. दंडाचं बीपी चांगलंच चढलेलं होतं. मी पट्टा घेऊन खाली वाकले, तशी त्यांनी सहज चौकशी केली, "कुनाच्या तुमी?"

आमचं घराणं लिंगायतांच्या गुरूंचं; मी आमच्या मठाचं नाव सांगितलं. त्यांनी दोन्ही पाय लुगड्यात ओढून घेतले.

"शिव शिव. स्वामींच्या घरच्या तुमी. तुमच्या पायावर आमी डोकं ठेवायचं, आन् तुमी आमच्या पायाला हात लावायचा? न्हाय जमायचं, अम्मा."

त्या मलाच वाकून नमस्कार करू लागल्या. दुसरी नर्स जेवायला गेली होती. तिची वाट बघता आली असती. मागे बायकांची रांग होती, मी कागदावर 'पायाचं राहिलं' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दोन महिन्यांनी चुलीतला निखारा त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. त्यांनी हळद दाबली आणि कुणाला सांगितलं नाही. अंगठा काळा पडल्यावर लेकानं मोठ्या दवाखान्यात नेलं, तोवर पाय गुडघ्याखालून काढण्यावाचून इलाज उरला नव्हता.

मी भेटायला गेले. राहिलेल्या पायाचं मोजू का, म्हणून विचारलं. या वेळी त्या नको म्हणाल्या नाहीत. मी पट्टा बांधेपर्यंत डोळे मिटून, माझ्याकडे हात जोडून पडून राहिल्या. त्या पायाचंही कमीच आलं. चार दिवसांनी त्या गेल्या.

आता शिबिरात मी कुणाला घराणं सांगत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांनी पाय ओढून घेतले, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. इतक्या मोठ्या बाईनं मला मान दिला, आणि मी तो घेतला.