मागचा उजवा सड

मी जनावरांची डॉक्टर. घर चिक्कडपल्लीत, आजोबांच्या वेळेपासून. भूत, करणी, झपाटणं... असलं कोणी बोलायला लागलं की मी उठून जायचे. आजही विश्वास बसलाय असं म्हणणार नाही. पाहिलं ते लिहिते. मराठी हैदराबादी आहे, सांभाळून घ्या.

दिलसुखनगरच्या बरंच पुढे, शहर विरळ होतं तिथे एक मोठा म्हशींचा गोठा आहे. आठवड्यातून तीनदा मी जायचे. मागच्या वर्षी तिथली एक म्हैस विताना अडली. मी पोचायच्या आत गड्यांनी रेडकू ओढून काढलं — इतकं जोरात की त्याचा कणा मोडला. मागचं अर्धं अंग लुळं.

मी मालकांना सांगितलं, हे जगणार नाही. आधी गुंगीचं इंजेक्शन देते, मग शिरेतून दुसरं. त्याला कळणारही नाही.

"मारना पाप है डॉक्टरम्मा," मालक म्हणाले. "खुद जाएगा ना. तब तक भैंस दूध तो दे री."

खरं कारण शेवटचं. रेडकाने तोंड लावलं तरच ती म्हैस पान्हा सोडायची. म्हणून दिवसातून दोनदा त्याला पुढच्या पायांना धरून ओढत आणायचे. उभं राहता येत नसल्यामुळे त्याचं तोंड एकाच सडापर्यंत पोचायचं — मागचा उजवा. दोन घोट झाले की परत ओढत पोत्यावर. मी रोज येऊन वेदना कमी करायचं औषध देत राहिले, आणि भांडले नाही. ही चूक माझी. ती कोणावर ढकलत नाही.

पाचव्या दिवशी त्याच्या डोळ्यांत मुंग्या होत्या. मालकांना न विचारता मी दोन्ही इंजेक्शनं दिली. छातीला स्टेथोस्कोप लावून पाच मिनिटं ऐकलं. बुबुळाला बोट लावलं, पापणी हलली नाही. खड्डा माझ्यासमोर बुजवला.

दुपारी चारला धार काढायला यादम्मा आली. हयात गेली तिची या कामात. आज म्हैस दूध चोरणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पण म्हैस बारीक आवाजात हुंकारली... आणि पान्हवली. मागचा उजवा सड आधीच रिकामा. त्याच्यावर फेस.

"बच्चे को कौन छोड़ा?" यादम्माने विचारलं.

गोठ्यात एकही रेडकू मोकळं नव्हतं.

बादलीच्या आवाजानेही पान्हा सुटतो, हे मी शिकलेय. फेसाबद्दल कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कास धुतली, कोरडी पुसली आणि समोर स्टूल टाकून बसले. लख्ख ऊन होतं. पावणेचारला तो एकच सड ताणला गेला, सैल पडला, परत ताणला गेला... टोकाशी फेस जमत गेला. म्हशीने मान मागे वळवली आणि हवेत चाटायला लागली. एकाच जागी. उभ्या रेडकाची पाठ येईल त्या उंचीवर.

यादम्माने पदर तोंडाशी धरला.

हे रोज चालू राहिलं. मालक बघायला आले. त्यांनी म्हशीकडे नाही, बादलीत बघितलं. "बच्चे के बगैर भी देती. आप सुई का सही बोले थे डॉक्टरम्मा."

पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन — दुसऱ्या म्हशीला रेडा झालाय, वो सुई लेके आओ. मी विचारलं, त्याला काय झालंय? काही नाही, चांगला उभा आहे.

"और पाप?"

"आप कर्रे ना. हम नै कर्रे."

मी गेले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. दुसरा कोणीतरी डॉक्टर गेला.

काही महिन्यांनी कोठीच्या बाजारात यादम्मा भेटली. चार रेडकं सुईने गेली म्हणाली, सगळी धडधाकट. त्यांच्या आया पान्हा सोडत नाहीत, कास फुगून येते, हंबरतात. मालक आता त्यांना पान्ह्याची सुई टोचून धार काढतात. त्या चौघींजवळ कोणीच आलं नाही.

त्या एकीजवळच का आलं, आणि जे आलं ते काय होतं... मला सांगता येत नाही.