दुसऱ्यांच्या लेकी

घोरपडीच्या चर्चमध्ये दर रविवारी मिस्सा आटोपला, की अगाथाबाई साळवे मुलींना धर्मशिक्षण देत. "देव हाक मारतो, पोरींनो. सिस्टर होऊन मठात जायचा विचार तरी करून बघा," हे त्यांचं नेहमीचं सांगणं.

एका रविवारी त्या घरी भाकरी थापत होत्या, तेव्हा त्यांची एकुलती लेक रोझलिन म्हणाली, "आई, मी केलाय विचार."

अगाथाबाईंचा हात परातीतच थांबला. "मी दुसऱ्यांच्या पोरींना सांगत होते गं."

"त्यांच्या आयाही हेच म्हणत असतील."

नवरा गेल्यापासून घरात बोलायला ही एकटीच होती. तव्यावरची भाकरी करपली. ती उतरवून ठेवत अगाथाबाई सावकाश म्हणाल्या, "उद्या मठाच्या मदर सुपिरिअरना भेटू. सुट्टीला घरी सोडतात का, ते मात्र मी विचारणार."