पोरीच्या कार्डावरची सूट

आमच्या भावकीत वस्तू एका घरी राहत न्हाई. फवारणीचा पंप एकाचा, त्याची बॅटरी दुसऱ्याची, अन् फवारतो तिसराच. ताडपत्री मी घेतली, पण माझ्या सोयाबीनच्या ढिगावर ती कधी पडली ते मला आठवत न्हाई. कोणी मागितलं की द्यायचं, आपल्याला लागलं की दुसऱ्याच्या दारात जायचं. मी तापट माणूस आहे, बांधावरून भांडलोय, पाण्याच्या पाळीवरून तर हमरीतुमरीवर आलोय, पण मागायला आलेल्याला न्हाई म्हणणं मला कधी जमलं न्हाई. म्हणून थोरल्या भावानं माझ्या पोरीचं कार्ड मागितलं तेव्हा मी दुसरा विचारच केला न्हाई.

पोरगी जालन्याला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर शिकते. तेव्हा तिचं दुसरं वर्ष लागलं होतं. पहिलं वर्ष तिनं कॉलेजच्या लॅबवर काढलं. लॅब पाचला बंद व्हायची, मंग मैत्रिणीचा लॅपटॉप मोकळा होईस्तोवर वाट बघायची. मैत्रीण चांगली होती, पण रोज रोज मागायला लागलं की चांगल्या माणसाचंही तोंड वाकडं होतं. ह्या वर्षी तिला प्रोजेक्ट होता अन् स्वतःचं मशीन पाहिजेच होतं. कोणतं घ्यायचं, कोणत्या दुकानातून घ्यायचं, सगळं तिनं उन्हाळ्यातच ठरवून ठेवलं होतं. कॉलेजं उघडली की कंपन्या विद्यार्थ्यांना सूट देतात, वर बॅग फुकट अन् वर्षाची जादा वॉरंटी. ती सूट मिळाली तरच तिला पाहिजे ते मशीन आमच्या आवाक्यात येत होतं. न्हाईतर त्याच्याखालचं हलकं घ्यावं लागलं असतं, ज्याच्यावर तिचं काम रखडत चाललं असतं. ऑफर पोळ्यापर्यंतच आहे पप्पा, असं तिनं मला चारदा तरी बजावलं होतं. मी म्हणायचो, मिरचीचे पैसे हातात येऊ दे, लगेच जाऊ.

एका सकाळी भाऊ चहाला आले. आमची घरं लागूनच आहेत, मधी एक भिंत. माझा पुतण्या स्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरून देतो, पीकविमा, सातबारा, शाळेचे दाखले, असलं सगळं. त्याचा जुना कॉम्प्युटर ऐन विम्याच्या गर्दीत बसला होता. भाऊंनी सांगितलं की विद्यार्थ्याचं कार्ड असलं तर दुकानवाला बराच कमी करतो, अन् पोरीच्या कार्डाचा फोटो माझ्याकडं असंल का. होता की. शिष्यवृत्तीच्या वेळी तिनंच पाठवला होता. मी तिथल्या तिथं पाठवून दिला अन् वर ऐट मारली, कार्ड काय झिजतंय का, म्हणून.

दुपारी पुतण्याचा जालन्याच्या दुकानातून फोन आला की पोरीच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते पाहिजेत. मी पोरीला लावला. ती वर्गात होती, दबक्या आवाजात विचारत होती की कशाला पाहिजेत. मी म्हणलं, आपल्याच घरचं काम हाय, जल्दी सांग. तिनं सांगितले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट माझ्या डोक्यातूनही गेल्ती.

पुढच्या महिन्यात धावड्याच्या बाजारात मिरचीला बरा भाव लागला. पोळ्याला अजून आठवडा होता. मी गाडी काढली अन् हसनाबादहून थेट जालन्याला गेलो. पोरगी दुकानाच्या पायरीवर माझ्या आधी येऊन उभी होती, इस्त्रीचा ड्रेस घालून, गळ्यात कॉलेजचं कार्ड. आत गेल्यावर तिनं मशीनचं नाव, नंबर, सगळं न अडखळता सांगितलं. दुकानदार बघतच राहिला. मला असं वाटलं की आपण हिला शिकवलं ते बराबर केलं.

दुकानदारानं कार्ड बघून काहीतरी टाइप केलं. परत टाइप केलं. मंग म्हणला की ह्या कार्डावर मागच्या महिन्यात एक मशीन गेलंय, अन् एका विद्यार्थ्याला वर्षात एकच मिळतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही लोकं खेड्यातल्या माणसाला येडं समजता, आमच्या कार्डावर भलत्यालाच माल देता, मालकाला बोलवा, असं मी सगळं दुकान डोक्यावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. दुकानदार शांत माणूस निघाला. त्यानं स्क्रीन आमच्याकडं वळवली. वर पोरीचं नाव होतं अन् खाली माझ्या पुतण्याचा मोबाइल नंबर.

पोरीनं तो नंबर वाचला. मंग गळ्यातलं कार्ड काढून बॅगेत ठेवलं अन् दुकानदाराला सॉरी म्हणली. माझ्या वतीनं. मला तिथं जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर मी हॉटेलात चहा सांगितला. मला कुठं माहीत होतं एकच मिळतं म्हणून, भाऊला न्हाई कसं म्हणायचं, असं मी एकटाच बोलत होतो. ती कप हातात धरून बसली होती. चहावर साय धरली तेव्हा बोलली.

"तुम्ही ते आकडे मागितले, मी दिले. कशाला म्हणून विचारलं तर घरचं काम म्हणले. माझं कार्ड होतं पप्पा. मला एकदा विचारायचं तरी होतं."

आवाज चढवला न्हाई, रडलीही न्हाई. रडली असती तर मी समजूत काढली असती. तिला हॉस्टेलला सोडलं अन् घरी येईस्तोवर माझ्यातला सगळा राग भावावर जमा झाला. आपला चुकलेला पाय दुसऱ्याच्या चपलेत बघायची माणसाला खोडच असते. गाडी मी माझ्या दारात न लावता त्यांच्याच अंगणात लावली.

भाऊ अन् पुतण्या दोघंही घरी होते. मी जे सुनवायचं ते सुनवलं. भाऊंचं तोंड उतरलं. त्यांनाही एकच मिळतं हे माहीत नव्हतं, अन् खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव न्हाई. पुतण्या म्हणला, काका, आत्ता जाऊन मशीन काढून आणतो, ताईला देऊन टाका. पण वापरातलं मशीन, त्यात गावभराचे फॉर्म, स्टँडवर रोजची रांग. ते कसं आणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. मागताना त्यांनी धरली न्हाई, देताना मी धरली, अन् भीक पोरीच्या वाट्याला आली. आम्ही तिघं बाप्ये खाली बघत बसलो.

तेवढ्यात पुतण्याची बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणली, "काका, माझं कार्ड हाय."

कोणालाच काही उमगलं न्हाई. मंग तिनं सांगितलं. लग्नानंतर तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं होतं, बी. ए.चं हे शेवटचं वर्ष. परीक्षेला ती भोकरदनला जाते हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. माझी बायको दोनदा तिचं लेकरू सांभाळायला थांबली होती. तिचा फॉर्म तर पुतण्यानंच भरला होता, त्याच स्टँडवरच्या दुकानात बसून. तरी विद्यार्थ्याचं कार्ड पाहिजे म्हणल्यावर भाऊंना अन् पुतण्याला चाळीस किलोमीटर लांबची पोरगी आठवली, चुलीपुढची सून आठवली न्हाई.

मी दुकानदाराला फोन लावला. सकाळच्या आरडाओरड्याची माफी मागितली अन् विचारलं. त्याच्याकडं मुक्त विद्यापीठाचं कार्डही चालत होतं, फक्त चालू वर्षाचं पाहिजे. मला इतका आनंद झाला की तो गार चहा मी एका घोटात पिऊन टाकला. सूनबाई आतून कार्ड घेऊन आली. लेकराच्या लसीकरणाच्या कागदासोबत एका पिशवीत जपून ठेवलं होतं. माझ्या हातात दिलं अन् निघाली.

कार्डावर तिचा फोटो होता. डोक्यावर पदर न्हाई, नजर समोर. मी तिला इतकी सरळ बघताना कधी पाहिलं नव्हतं. अन् माझा आनंद आटला. पोरीच्या कार्डाचं जे केलं तेच मी परत हिच्या कार्डाचं करत होतो.

मी तिला थांबवलं. म्हणलं, तू अभ्यास कशावर करती?

म्हणली, ह्यांच्या मोबाइलवर. हे जेवायला आले की अर्धा तास मिळतो.

"तुला नको का लॅपटॉप?"

भाऊ हसले. तिला काय करायचाय, असं काहीतरी म्हणले. सूनबाईनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मंग नवऱ्याकडं. पुतण्या फरशीकडं बघत होता.

"पायजे, काका," ती म्हणली.

एवढंच. पण मला ते कार्ड हातात धरवेना. मी तिचं तिला देऊन टाकलं अन् घरी आलो. पोरीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणली की बरं झालं, नका घेऊ वहिनीचं, मी हलकं मशीन घेते, चालवीन कसंतरी. तिच्या आवाजातला सकाळचा कोरडेपणा गेल्ता. मी फोन ठेवला अन् गोठ्यात जाऊन रडलो. उगं कशाला लपवू?

भाऊंच्या मागं मी पोळ्यापर्यंत लागलो. सूनबाईला तिच्या कार्डावर एक घेऊन द्या म्हणलं. ते म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. मी म्हणलं, भाऊ, पुढच्या वर्षी ती पास होऊन बसंल, मंग तिला सूट कोण देणार? ते उठून शेताकडं निघून गेले. पोळा झाला, ऑफर संपली, सूनबाईचं कार्ड पिशवीतच राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आपलं हलकं मशीन घेऊन आली. चालू व्हायलाच ते इतका वेळ लावायचं की तोवर ती चूल पेटवून पाणी ठेवायची. एकदाही तिनं मला टोमणा मारला न्हाई, अन् त्याचाच मला जास्त त्रास झाला. दुपारी स्वयंपाक उरकला की भिंतीपलीकडची तिची वहिनी वही घेऊन दारात यायची, ताई घेऊ का, म्हणून विचारायची. पोरगी घ्या म्हणायची अन् उठून जागा द्यायची. मी ओसरीवर कापसाचे गाठोडे बांधत ते बघायचो.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी वहिनी आली तेव्हा पोरगी काम करून राह्यली होती. वहिनीनं विचारलं, अन् पोरगी मान वर करून म्हणली, "आज न्हाई वहिनी. आज मला लागतो."

माझे हात थांबले. आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. आता ही रुसणार, भिंतीपलीकडं बोलणं होणार, भाऊ तोंड फिरवणार, हे सगळं माझ्या डोळ्यासमोर येऊन गेलं. वहिनी म्हणली, बरं, अन् वही काखेत मारून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली, दारात उभी राहिली अन् विचारलं, "आज मोकळा हाय का, ताई?"