मागच्या दाराची डॉक्टरीण

डॉक्टर मंजुषाबाईंनी आमच्या शेजारी दवाखाना काढला, तेव्हा हिंगोलीच्या बाजारपेठेने त्यांच्या कौतुकात काही कसर ठेवली नाही. फक्त त्यांच्या दारातून आत कोणी गेलं नाही. दोष पाटीचा होता. पाटीवर त्यांच्या नावाखाली त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असे तीन शब्द ठळक अक्षरांत होते. भर चौकात त्या पाटीखाली उभं राहायचं, म्हणजे तिन्हींपैकी नेमका कोणता रोग यावर गावभर चर्चा. ज्याला साधी खाज सुटली होती, तोही पाटी वाचून खाजवत पुढे निघून जाई.

त्याआधी चामडीचा डॉक्टर हवा तर लोक नांदेड गाठत. बाकीचे मेडिकलवाला देईल ती ट्यूब लावत. एकच ट्यूब सासू, सून, नातवंडं लावत, आणि उरलीच तर बैलाच्या मानेला. नायटा घरभर फिरे. लग्नाळू मुली तीच ट्यूब गोरं व्हायला तोंडाला चोळत आणि आधी गोऱ्या, मग लालभडक होत. मंजुषाबाई पुसेगावच्या शेतकऱ्याची लेक, जिद्दीने शिकलेली. आपण आलो म्हणजे आता रांग लागेल, असं त्यांना वाटलं. शिकलेल्या माणसांचे असे गैरसमज होतात.

रांग लागली, पण माझ्या दुकानात. मी मालनबाई, कासारीण. माझं बांगड्यांचं दुकान त्याच इमारतीत, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीत दवाखान्यात उघडणारं एक ठेंगणं दार आहे. त्याला मी पडदा लावला होता. कोण्या एका बाईने ते दार हेरलं आणि बघता बघता तालुक्याला ठाऊक झालं. बांगड्या भरायला आल्यासारखं करायचं, इकडे तिकडे पाहायचं आणि वाकून आत शिरायचं. परत जाताना हात रिकामा दिसला तर संशय येणार, म्हणून बाई असो की बाप्या, बांगड्या घेतल्याशिवाय कोणी जात नसे. नवरा न सांगता बांगड्या घेऊन घरी आला, की बायको आधी त्याला कुठं खाजतंय ते विचारी. शेषराव पुढाऱ्यांनी डॉक्टरीणबाईंचा जाहीर सत्कार केला, भाषणात त्यांना जिल्ह्याचं भूषण म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडून हिरव्या बांगड्या नेल्या.

डॉक्टरीणबाई चिडत. पडद्यातून आलेल्या प्रत्येकाला आधी झापत, मग तपासत. पुढून यायला काय तकलीफ होते, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. रविवारी त्या गावोगावी, तांड्यातांड्यावर जात आणि घसा कोरडा होईपर्यंत सांगत की महारोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, बोटं झडतात ती लपवाछपवीने. लोक मान डोलवत आणि सोमवारी माझ्या दुकानात येत. तांड्यावरची भिकाबाई तेवढी पुढच्या पायऱ्या चढे. तिला कोणी नावं ठेवली तर ती आपल्या रोगाचं नाव सांगून वर दोन शिव्या देई.

आता डॉक्टरीणबाईंच्या आईचं सांगते. नर्मदाबाई गावात लेकीला लेकरांची डॉक्टर म्हणून सांगत. चामडीची म्हटलं की सोयरिकीत खोडा येतो, आणि धाकट्या लेकाचं, स्वप्निलचं, लग्न व्हायचं होतं. खुद्द नर्मदाबाईंचा लौकिक वेगळाच. हळद शिजते तेव्हा लोक काडी टोचून पाहतात. या बाई अलीकडे उकळत्या कढईतलं हळकुंड डाव्या हाताने उचलून मोडून पाहायच्या. सगळं पुसेगाव थक्क. डॉक्टरीणबाईसुद्धा भाषणात आईच्या या हाताचं अभिमानाने सांगत.

स्वप्निलचं जमलं ते वारंगा फाट्याच्या प्रियंकाशी. चुडा भरायला तिची आई धुरपताबाई आणि नर्मदाबाई, दोघी विहिणी माझ्याकडे आल्या. नर्मदाबाईंच्या डाव्या मनगटावर आधीच गच्च बांगड्या होत्या आणि त्या काढू द्यायला त्या तयार नव्हत्या. त्या न काढताच नवी सरकवताना काच फुटली आणि करंगळीखाली रुतली. रक्ताची धार लागली, तरी बाई मानपानाच्या लुगड्यांचं बोलतच राहिल्या. धुरपताबाई म्हणाल्या, बाईची छाती दांडगी. मीही मान डोलावली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पडदा सारून दुकानात आल्या. त्यांनी रक्त पाहिलं, मग आईचा हसरा चेहरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. जखम बांधली. मग कापसाची वात करून आईला डोळे मिटायला लावले, हाताला लागलं की सांग म्हणाल्या. वात करंगळीला लावली, मनगटाला लावली. आई गप्प. वात बाजूला घेतली तेव्हा आई म्हणाली, "व्हय, लागलं." डॉक्टरीणबाईंनी बांगड्या वर सरकवल्या. खाली फिकट चट्टा होता, रुपयाहून मोठा.

"भाजल्याचा डाग हाय," नर्मदाबाई विहिणीकडे पाहत घाईने म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला.

डाग कशाचा, ते त्या पाटीशेजारी इतकी वर्षं बसलेल्या मला कळलं. पाटीवरचा तो तिसरा शब्द तोंडातून निघाला तर नर्मदाबाईंच्या लेखी सोयरीक जाणार होती, आणि दाबून ठेवला तर खरंच हात. जिल्ह्याला पुढच्या दाराचा उपदेश करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विहिणीकडे पाहिलं आणि पडदा वर धरला.

"आई, इकडून ये," त्या हळूच म्हणाल्या.

मला संताप आला, पण त्यांचे डोळे ओले होते.

नर्मदाबाई उठल्या. तेव्हा धुरपताबाई बांगड्यांवरची नजर न काढता म्हणाल्या, "इहीनबाई, वाकून जावा. चौकट ठेंगणी हाय. मला दोनदा लागली."

धुरपताबाई वर्षभर त्या दारातून जात होत्या, हे मला ठाऊक होतं आणि डॉक्टरीणबाईंना. आम्ही दोघींनी तोंडाला कुलूप लावलं होतं. ते त्यांनी स्वतःच उघडलं. नर्मदाबाई विहिणीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला.

"मंजे, ह्या वयात मला वाकनं होत न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढून चल."

"थांबा," धुरपताबाई चप्पल शोधत म्हणाल्या, "माझ्याबी गोळ्या सरल्या."

मी दारात येऊन पाहिलं. डॉक्टरीणबाईंच्या मागून दोघी विहिणी पाटीखालच्या पायऱ्या चढत होत्या, आणि चौकातली अर्धी माणसं माना खाली घालून आपापलं अंग खाजवत होती.