वरून काय दिसतं

चहा गार होऊ देऊ नका, आणि मी सांगत असताना मध्येच "मग तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?" असं विचारू नका. तेवढा एक प्रश्न सोडून काय वाटेल ते विचारा. हसलात तरी चालेल. माझी फजिती झाली ती झालीच, आता निदान तुमची करमणूक तरी होऊ दे.

तुम्हाला माहीतच आहे, मी चौतीस वर्षं पनवेलच्या शाळेत शिकवलं. कुठला विषय ते शेवटी सांगते, कारण आत्ता सांगायची लाज वाटते. या वर्षांत खोपोलीच्या बाजूला जे मोठं थीम पार्क आहे ना, तिथे मी चार सहली घेऊन गेले. चार! आणि एकाही पाळण्यात बसले नाही.

बसणार कशी? पन्नास मुलं वर गेली की पन्नास पिशव्या खाली राहतात. पी.टी.चे सर म्हणायचे, "बाई, तुम्ही बसा पिशव्यांपाशी, मी मुलांबरोबर जातो." आणि जायचे. मुलांपेक्षा मोठ्याने तेच ओरडायचे.

मुलं रोलर कोस्टरवरून उतरली की धावत येऊन सांगायची, "बाई, वरून काय मस्त दिसतं!" काय दिसतं रे? तर एकाला समुद्र दिसायचा, एकीला तिच्या मामाचं घर, आणि एका पठ्ठ्याला तर थेट मुंबई दिसली होती. मला चारही वर्षं पिशव्याच दिसल्या.

म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं, एकटीने जायचं. रोलर कोस्टरमध्ये बसायचं आणि वरून काय दिसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बाकी काही नाही केलं तरी चालेल. यजमानांना सांगितलं, तर त्यांनी पेपर खाली न करताच विचारलं, "चार वेळा जाऊन आलीस ना?" आता यांना काय समजावणार? मी नवे बूट घेतले, गर्दी नको म्हणून मंगळवार बघून गाडी पकडली आणि साडेदहाला पार्कात हजर.

रोलर कोस्टर समोरच होता. रांगही नव्हती. पण नवे बूट टाचेला चावत होते, म्हणून पट्टी लावायला दोन मिनिटं झाडाखालच्या बाकावर टेकले. तिथेच चुकलं बघा. बुटांना दोष देण्यात अर्थ नाही, पण देते.

सुकापूरचं एक कुटुंब होतं. त्यातली सून माझ्याकडे आली. "काकू, तुम्ही बसलाच आहात ना, जरा बॅगा बघाल? पाचच मिनिटं."

"ठेवा," मी म्हणाले. तोंडातून आपोआप गेलं. चौतीस वर्षांची सवय, जिभेला विचार करायला वेळच मिळत नाही.

पाच मिनिटांची पंधरा झाली. तेवढ्यात दुसरं कुटुंब आलं. या काकू बघतायत वाटतं, असं म्हणून त्यांनी दोन सॅक आणि एक गुंडाळलेलं बाळाचं दुपटं ठेवलं. म्हणजे दुपट्यात बाळ नव्हतं, मी उघडून बघितलं. मग कॉलेजची मुलं आली. मग एक आजोबा नुसती कवळी डबीत घालून ठेवून गेले, पाण्याच्या घसरगुंडीवर पडेल म्हणून.

घोळ झाला तो दोन निळ्या सॅकमुळे. एकसारख्या. एकाची दुसऱ्याला जाता जाता वाचली. तुमच्यासारख्या माणसाने तेव्हा उठून हात झटकले असते. पण माझ्यातली मास्तरीण जागी झाली हो! पर्समध्ये टिकल्यांची दोन पाकिटं होती, रंगीत. पिशवीवर एक टिकली, पिशवीवाल्याच्या मनगटावर त्याच रंगाची दुसरी. टिकली दाखवल्याशिवाय पिशवी मिळणार नाही. रांगेत या, ढकलाढकली करू नका.

अर्ध्या तासात त्या पार्कात जो तो मनगटावर टिकली लावून हिंडत होता. एक चांगले धिप्पाड, मिशीवाले गृहस्थ आले, त्यांची टिकली पाण्यात धुऊन गेली होती. मी त्यांना सरळ परत पाठवलं, बायकोला साक्षीला घेऊन या म्हणून. गेले बिचारे. बायको हसत हसत आली आणि तिच्या मनगटावरची शाबूत जांभळी टिकली दाखवून पिशवी घेऊन गेली.

लोकांना वाटलं, ही पार्काचीच सोय आहे. एकांनी तर तक्रार केली, तुमच्याकडे पिण्याचं पाणी का नाही म्हणून. आणि मी काय केलं असेल? दिलगिरी व्यक्त केली! वर स्वतः जाऊन पाणी भरून आणलं.

शेवटी गार्ड आला. लॉकरवाल्याने तक्रार केली होती, सकाळपासून त्याच्याकडे एक माणूस फिरकला नव्हता. गार्ड कडक आवाजात म्हणाला, असं इथे चालत नाही. मी त्याला टिकल्यांची पद्धत समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि स्वतःचा जेवणाचा डबा माझ्याजवळ ठेवून गेला. केबिनमध्ये मुंग्या होतात म्हणे. त्याला हिरवी दिली.

मध्ये मध्ये डोक्यावरून गाडी धडधडत जायची, लोक किंचाळायचे, आणि मी मान वर करून बघायची. वरून काय दिसतं ते माहीत नाही, पण खालून बुटांचे तळवे दिसतात.

वाईट वाटत होतं का? वाटत होतं. दुपारी दोन वाजता डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला मजा येत होती. निवृत्त झाल्यापासून इतक्या माणसांनी माझं ऐकलं नव्हतं. म्हणून तर उठले नाही. सवय, भिडस्तपणा हे आपलं सांगायला. शेवटची पिशवी मालकाच्या हातात गेली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि पार्क पाचला बंद व्हायचं होतं.

धावले. टाच, बूट, वय, सगळं विसरून धावले. रोलर कोस्टरच्या दारावरचा माणूस म्हणाला, शेवटची फेरी आहे, चला लवकर, पण पर्स चालणार नाही, लॉकरमध्ये ठेवून या.

लॉकरकडे गेले तर शटर खाली! गिऱ्हाईकच नाही म्हणून तो अर्धा तास आधी घरी निघून गेला होता. आता बोला.

वळून बघते तर माझ्याच बाकावर एक बाई बसलेली. माझ्याहून थोडी मोठी, रापलेला चेहरा, मांडीवर कापडी पिशवी, एकटीच. मी पर्स तिच्या मांडीवर ठेवलीच. "ताई, तुम्ही बसलाच आहात ना, जरा बघा हं, पाचच मिनिटं!"

ती उठायच्या बेतात होती, काहीतरी बोलायला गेली. मी थांबले नाही. शेवटी "ठेवा" एवढं पाठीमागून ऐकू आलं. मी आत शिरले आणि माझ्यामागे साखळी लागली.

गाडी हळूहळू वर चढायला लागली. खडखड, खडखड. मी मनात म्हटलं, आता बघ, डोळे भरून बघ. आणि टोक आलं तशी गाडीने जी खाली उडी घेतली, तिथून थेट गाडी थांबेपर्यंत मी डोळे गच्च मिटून घेतले होते. चढतानासुद्धा समोरच्या माणसाच्या टकलाकडेच बघत होते, भीतीने. बास. झालं माझं इतक्या वर्षांचं स्वप्न.

खाली आले. पर्स जशीच्या तशी होती. आभार मानले आणि सहज विचारलं, "तुमची माणसं कुठायत?"

"मानसं नाय, एकलीच आलंय," ती म्हणाली. "भाचा हिथं किचनमदी हाय, त्यानं आजचा पास दिला. कामाचा खाडा केला. समदं बगून झालं, त्यात बसायचं तेवडं ऱ्हायलं व्हतं." तिने रोलर कोस्टरकडे बोट दाखवलं. तिकडे दारावरचा माणूस कुलूप लावत होता.

 आणि मग मी, मी स्वतः, काय विचारलं असेल? तेच. "मग तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

ती शांतपणे म्हणाली, "तुमी सकालपास्नं समद्यांच्या पिशव्या संबालल्या. मी बगत व्हते. तुमची पिशवी कुनी संबालाया नको?"

 मी तिला म्हटलं, पुन्हा या, मी घेऊन येते तुम्हाला, पुढच्या मंगळवारी येऊ. तर म्हणाली, परत खाडा केला तर मुकादम कामावर घ्यायचा नाही. तेही हसून सांगितलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.

मग पदर सारखा करून उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. वरून काय दिसतं, तेवडं सांगा. म्हंजी मी बसल्यासारकंच."

आता तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं? डोळे मिटले होते म्हणून सांगायचं? त्या बाईने तिची पाळी मला दिली, आणि मी ती डोळे मिटून घालवली, हे तिच्या तोंडावर सांगायचं? नाही झालं माझ्याच्याने. म्हटलं, हिला काहीतरी चांगलं द्यावं.

"कर्नाळा किल्ला दिसतो," मी म्हणाले. "सुळका अगदी स्पष्ट. बोट वर केल्यासारखा."

 तिने हलकेच माझ्या हातावर थोपटलं, आपण पहिलीतल्या मुलाला थोपटतो ना, तसं.

"कर्नाला हिथून नाय दिसत, बाई," ती म्हणाली. "मी त्याच्याच पायथ्याची हाय. मदी आख्खा डोंगर हाय."

आणि पिशवी काखेत मारून ती गेटाकडे चालायला लागली.

माझा विषय शेवटी सांगते म्हणाले होते ना? भूगोल.