पुठ्ठ्यावरचा कीबोर्ड

आमची अक्का फोटोसाठी नवा चुडीदार घालून आली आणि संस्थेच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. मॅडम मुंबईहून शुक्रवारी यायच्या. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, म्हणजे गल्लीत एकमेकांचं बोलणं ऐकू येणार. म्हणून बालवाडीच्या खोलीत आमची अभ्यासिका तेव्हाच भरायची. तिथे कॉम्प्युटर आणायचा होता. मॅडम इंटरनेटवर एक पान करणार, त्यावर अक्काचा फोटो आणि खाली चार ओळी, आणि ते वाचून कुठकुठच्या अनोळखी माणसांनी पैसे टाकायचे, असा बेत होता.

"अगं, रोजचे कपडे घाल. लोकांना गरज दिसायला हवी," मॅडम म्हणाल्या.

आई दारातच उभी होती. "पोरगी गरीब हाय, गबाळी न्हाय," ती म्हणाली. "सगली दुनिया बघनार, आन् ही फाटकं घालून बसनार? ते जमनार न्हाय."

फोटो नव्या चुडीदारातच निघाला. अक्का त्यात अशी ऐटीत हसली होती की वाटावं, कॉम्प्युटर तीच कोणाला तरी देतेय.

अक्का दहावी होऊन घरी बसली होती. आधी टायपिंग शिकून नोकरी, मग लग्नाचं बघू, असं तिने बाबांकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं. क्लासची फी परवडणारी नव्हती. त्यामुळे तिचं सगळं त्या पानावर अडून होतं.

पानावर एक हिरवी पट्टी होती. पैसे येतील तशी ती भरायची. धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत आम्ही दोघी ती बघायला जायचो. कॅफेवाला ओरडायचा, "आ गयीं पट्टीवाली!" पट्टी कधी तसूभर सरकायची, कधी ढिम्म. मी मनातल्या मनात आईवर चिडायचे. घातला असता जुना ड्रेस तर काय बिघडलं असतं?

अक्का चिडली नाही. कॅफेतला कीबोर्ड बघून बघून तिने मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हुबेहूब तसाच काढला. भाकऱ्या उरकल्या की तो मांडीवर घेऊन दहाही बोटं चालवायची. अक्षरं पुसट झाली की परत पेनने गिरवायची. मी चिडवायचे, "बघ हां, पुठ्ठा बिघडेल!" ती मान वर न करता हसायची.

बाबा थांबले होते, पण स्थळ थांबेना. वज्रेश्वरीकडचं घर, स्वतःची शेती, मागणं काही नाही. अक्काने एकदाच विचारलं, "पट्टी किती झाली?" मी म्हटलं, "थोडीच उरलीय." खरंच थोडी उरली होती. ती भरली तेव्हा अक्का सासरी होती.

कॉम्प्युटर आला, नारळ फुटला. मॅडमनी मला ते पान दाखवलं. काम पूर्ण झालं, सर्वांचे आभार, आणि वर आमची अक्का, हसणारी. मला इतकं रडू आलं की मॅडमना वाटलं, मी आनंदाने रडतेय.

दिवाळसणाला अक्का आणि भावोजी आले. भाऊबीज झाली, आणि निघायच्या दिवशी ती मला म्हणाली, "दाखव तरी." मी शेजारच्या काकूंकडून बालवाडीची किल्ली आणली. दार उघडलं आणि लाइट गेली. लोडशेडिंगने दिवाळीपुरती दिलेली सवलत संपली होती.

"राहू दे," ती म्हणाली. तिने पदराला हात पुसले, कॉम्प्युटरवरचं प्लास्टिक काढलं आणि काळ्या पडद्यासमोर बसली. मग तिची बोटं चालायला लागली. इतके दिवस शिकूनही मी एका बोटाने अक्षरं शोधत होते. ती खाली बघतसुद्धा नव्हती. बांगड्या वाजत होत्या. ती लिहितच राहिली.

"काय लिहिलंस गं?"

"कुठं काय? लाइट न्हाय ना."

बाहेरून भावोजींनी हाक मारली, एसटी चुकेल म्हणून. तिने प्लास्टिक परत घातलं, कोपरे नीट खोचले आणि गेली.

लाइट आली तशी मी धावत जाऊन कॉम्प्युटर चालू केला. काही नसणार हे मला ठाऊक होतं. तरी बराच वेळ बघत बसले.

आता तिच्याकडे मोबाइल आहे. रोज अंगठ्याने "जेवलीस का" पाठवते, मी "हो" म्हणते. त्या दिवसाबद्दल विचारलं तर हसते, आठवत नाही म्हणते. मला मात्र तिने दहा बोटांनी लिहिलेलं ते सगळं अजून वाचायचं आहे.