आप्पाच्या घागरीचा दोरा

शेंगदाणे नका देऊ, नुसता चहाच बरा. का, ते सांगतो, पण तुमी हसताल. स्वतःच्या हातानं स्वतःचं तळं बुजवणारा माणूस पाहिलाव का कधी? बघून घ्या, समोर बसलाय.

निजाम गेला, नवं सरकार आलं, अन् एका साहेबाच्या नादानं मी ताडकळसच्या मळ्यात तळं खोदलं. ओढ्याच्या पाण्यानं भरलं, मासे सोडले. मासे वाढले तसं पाणी हिरवं झालं, वास मारायलं. ते बदलावं तर उतारानं थेट मन्मथआप्पाच्या विहिरीकडं. आप्पा म्हणजे शेजारी, गळ्यात लिंग. मासळी शिजती त्या गल्लीनं बी जायचे न्हाईत.

म्हणून मी तळ्याखालच्या उतारावर ओळीनं खड्डे घेतले. एकात खडी, एकात वाळू अन् कोळसा, शेवटच्यात आळू लावला. त्यातून पाणी निघालं एकदम नितळ. पण आप्पा ऐकतात व्हय? गेले पाटलाकडं.

पाटील म्हणले, "डाळ सांगंल."

आमच्याकडं पोरगी द्यायची तरी आधी विचारतात, तुमच्या पाण्यात डाळ शिजती का? तशी दोन चुलींवर दोघांच्या पाण्यात तूर शिजवायची ठरली.

"किसन, तुझी शिजली तर तळं ठिव. न्हाई तर उद्याच बुजव."

"माझ्या बापानं खोदलेली विहीर हाय," आप्पा म्हणले. "अमृत हाय." खरं तर त्या अमृतावर त्यांची हळद पिकायची. घरी सैपाकाला गावातल्या आडाचं पाणी.

माझ्या मळ्यात दोन सारख्या घागरी आणल्या, एकीत विहिरीचं पाणी, एकीत माझ्या शेवटच्या खड्ड्यातलं. आप्पाच्या घागरीला पांढरा दोरा बांधला. पाटील अन् आप्पा पाय धुवायला गेले अन् घागरीपाशी मीच राहिलो. तळं गेलं तर काय उरलं माझ्याकडं? कुठं आप्पाचं अमृत, कुठं माझा कोळसा? मी दोरा सोडला अन् माझ्या घागरीला बांधला.

"काय करायलाव ओ?" बायको चुलीपासून बोलली.

"गप बस."

डाळी चढल्या. पाटलानं दोऱ्याच्या पाण्यातला दाणा बोटात दाबला. लोणी. दुसऱ्या चुलीवरचा दाबला, तर खड्यागत निसटून आप्पाच्या धोतरावर.

म्हणजे कळलं का? माझं माशाचं पाणी जिंकलं होतं, अन् आप्पाच्या नावानं जिंकलं होतं.

"किसन, बुजव," पाटील म्हणले.

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. तवर आप्पानं जिंकलेली डाळ भाकरीवर घेतली होती. "याला म्हणतात पाणी," म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतली. आता सांगावं तर आप्पा अन्न सोडणार, अन् मला गाव सोडावं लागणार. मी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी मासे ओढ्यात सोडले अन् फावडं हातात घेतलं. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आप्पाला लय वाईट वाटलं. मनाचा मोठा माणूस. सकाळी त्यांचा गडी विहिरीची घागर घेऊन दारात.

"आप्पानं पाठवलीय. म्हणले, किसनच्या घरी बी डाळ शिजू दे."

तवापासून रोज एक घागर. नको म्हणायला तोंड हाय का मला? अन् बायको दुसऱ्या पाण्याला हात लावंना. म्हणली, "दोरा तुमी बांधलाव, आता खावा."

आप्पा बांधावरून विचारायचे, "किसन, शिजती का रं डाळ?"

"लोण्यागत, आप्पा," मी म्हणायचो, अन् दाताखाली कराकरा.

आप्पा लय वर्षं जगले. त्यांच्या आधी माझ्या दाढा गेल्या. म्हणून म्हणलं, शेंगदाणे नका देऊ.